चिनी अक्षरं गिरवताना: पहिल्या आडव्या रेघेपासून सत्तावीस रेघांच्या नावापर्यंत

चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसा. या लेखात एकही चिनी अक्षर छापलेलं नाही, आणि हे मी मुद्दाम केलं आहे. समोर तयार अक्षर असलं की आपण त्याचं चित्र काढू लागतो. आधी एक चौकोन, मग त्याच्या आतलं काहीतरी, मग राहिलेल्या जागी उरलेल्या रेघा. अक्षर दिसायला बरं येतंही. पण दोन दिवसांनी पुस्तक मिटून तेच लिहायला घेतलं की हात अडतो, कारण डोळ्यांनी चित्र पाहिलेलं असतं, हाताला वाट कळलेली नसते. म्हणून मी रेघ न् रेघ शब्दांत सांगणार आहे आणि तुम्ही ती वहीत काढायची आहे. लेख संपेल तेव्हा तुमच्या वहीत एका सोलापूरकराचं चिनी नाव उमटलेलं असेल.

रेघांचा क्रम कशाला पाळायचा, शेवटी अक्षर तेच दिसतं ना, हा प्रश्न प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो. रास्त प्रश्न आहे. पहिलं कारण शब्दकोशाचं. चिनी शब्दकोशात अनोळखी अक्षर शोधायचं तर आधी त्याचा मूळ घटक, म्हणजे ज्याखाली कोशात अक्षरं गटवार लावलेली असतात तो भाग, ओळखायचा आणि मग उरलेल्या रेघा मोजायच्या. 1716 साली पूर्ण झालेल्या खांगशी सम्राटाच्या शब्दकोशात असे 214 मूळ घटक आहेत आणि आजही पुष्कळ कोश त्याच वाटेने जातात. ‘तोंड’ हे अक्षर म्हणजे नुसता चौकोन; तुम्ही तो चार रेघांचा धरलात आणि कोशाने तीन रेघांचा, तर अक्षर सापडणारच नाही. दुसरं कारण हस्ताक्षराचं. चिनी माणूस भरभर लिहितो तेव्हा रेघा एकमेकींत मिसळतात, पण त्या मिसळतात त्या क्रमानेच. क्रम हातात असेल तर ते गुंतलेलं अक्षर उलगडतं, नसेल तर नुसता गुंता दिसतो. तिसरं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. सात-आठ वेगवेगळे आकार लक्षात ठेवणं जड जातं, पण एक सलग चाल हात आपोआप लक्षात ठेवतो. आपण ‘क्ष’ लिहिताना कुठे विचार करतो?

वही, पेन्सिल, नमुना

गणिताची चौकटीची वही पुरते. आडवे दोन आणि उभे दोन असे चार छोटे चौकोन मिळून एक मोठं घर धरा. मधल्या रेघांची आपोआप अधिकची खूण तयार होते. चिनी मुलं नेमक्या अशाच घरांत लिहायला शिकतात. त्या घराला ते ‘शेत’ या अक्षराचं नाव देतात, कारण ते अक्षर असंच दिसतं, चार तावदानांच्या खिडकीसारखं. त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या रेघा घातल्या की ‘तांदूळ’ अक्षराची चौकट होते. सुरुवातीला शेताची बरी, तांदळाच्या चौकटीत रेघांची गर्दी होते.

पेन्सिल एचबी किंवा टूबी घ्या. बॉलपेन कागदावर घसरतो आणि दाब कुठे कमी-जास्त झाला ते दिसत नाही. चीनमध्येही पहिलीतली मुलं पेन्सिलनेच लिहितात.

नमुना निवडताना मात्र काळजी घ्या, कारण इथे पुष्कळ जण फसतात. वर्तमानपत्रात आणि बहुतेक पुस्तकांत जो छापील टाईप असतो, त्याला सोंग म्हणतात. त्यात आडव्या रेघा बारीक, उभ्या जाड, आणि आडव्या रेघेच्या उजव्या टोकाला एक छोटा त्रिकोण असतो. तो त्रिकोण छपाईच्या ठशाचा वारसा आहे, हाताने लिहिताना तो काढायचा नसतो. गिरवायला खाइ वळणाचा नमुना घ्या. शाळेतल्या पाठ्यपुस्तकांत हेच वळण असतं. मोबाईलवर फॉन्ट बदलता येत असेल तर खाइ निवडा.

कुंचला आणि शाई आत्ताच आणू नका. कुंचल्याची ओढ असेलच तर पाण्याने लिहायचं कापड मिळतं. ओल्या कुंचल्याने लिहिलं की अक्षर काळं उमटतं आणि काही मिनिटांत वाळून नाहीसं होतं. बीजिंगच्या बागांमध्ये सकाळी वयस्कर मंडळी हाच खेळ मोठ्या आकारात करतात. काठीला स्पंजचा कुंचला लावून फरसबंदीवर पाण्याने अक्षरं लिहितात. त्याला तीषू म्हणतात, म्हणजे जमिनीवरचं लेखन. कधी तिथे गेलात तर अक्षराकडे पाहू नका, त्यांच्या मनगटाकडे पाहा.

आठ हालचाली

चिनी अक्षर कितीही गुंतागुंतीचं असो, ते मोजक्या हालचालींतून तयार होतं. मी त्यांना मराठी नावं देते आणि सोबत चिनी नावंही सांगते, कारण चिनी मुलं ही नावं मोठ्याने म्हणत हवेत बोट फिरवतात. ती पद्धत फार गुणाची आहे.

आडवी, म्हणजे हंग. डावीकडून उजवीकडे. उजवं टोक किंचित वर जातं, अगदी सपाट केली तर मेल्यासारखी दिसते. उभी, म्हणजे षू. वरून खाली, कधीच उलट नाही. डावा फाटा, फिए. वर उजवीकडून सुरू होऊन खाली डावीकडे उतरतो आणि शेवटी हलका होत जातो. उजवा फाटा, ना. वर डावीकडून खाली उजवीकडे. हा हळूहळू जड होत जातो, पायाशी क्षणभर थांबतो आणि मग उजवीकडे सरकून सुटतो. ठिपका, तिएन. हा नुसता टेकवायचा नसतो. हलका सुरू करून खाली उजवीकडे दाबायचा, भाताच्या दाण्यासारखा. उचल, थी. खाली डावीकडून वर उजवीकडे झटक्याने. वर जाणारी ही एकच रेघ. मोड, चऽ. आडवी जात असता पेन्सिल न उचलता खाली वळणं, किंवा उभी येत असता आडवं वळणं. आणि आकडा, कोउ. रेघ संपताना थांबून केलेला छोटा झटका.

तिएन आणि थी ही नावं रोमन लिपीत लिहिताना पहिल्याला डी आणि दुसऱ्याला टी वापरतात. इंग्रजी वळणाने वाचणारा तिथे द आणि ट म्हणतो. आपल्याला ती अडचण नाही. तिथला खरा फरक त आणि थ, प आणि फ, क आणि ख असाच आहे, आणि तो मराठी जिभेला लहानपणापासून ठाऊक आहे.

पहिले दोन दिवस फक्त या आठ हालचाली करा. प्रत्येकीच्या दोन-दोन ओळी. कंटाळा येईल, पण उजवा फाटा आणि आकडा यांत दाब कुठे द्यायचा हे इथे बसलं नाही तर पुढे प्रत्येक अक्षरात तो दोष दिसत राहतो.

मोडाचे प्रकार पुष्कळ आहेत, वीसहून अधिक. ते पाठ करायचे नाहीत, अक्षरांबरोबर येतील तसे शिकायचे. एकच गोष्ट पक्की ठेवा. पेन्सिल कागदावरून उचलली नाही तोवर ती एकच रेघ. मध्ये कितीही वळणं आली तरी एकच.

आता अक्षरं

‘तीन’पासून सुरू करू. तीन आडव्या रेघा, वरून खाली. मधली सगळ्यांत छोटी, खालची सगळ्यांत लांब. झालं अक्षर. वरून खाली हा पहिला नियम इथेच आला.

‘दहा’ अधिकच्या खुणेसारखं. आधी आडवी, मग तिला छेदणारी उभी. आडवी आधी, उभी नंतर, हा दुसरा नियम.

‘माणूस’ म्हणजे चालताना दोन पाय फाकलेले. आधी डावा फाटा, मग त्याच्या डोक्यापासून जरा खालून निघणारा उजवा फाटा. डावं आधी, उजवं नंतर. आता हेच दोन फाटे एकमेकांना न टेकवता दोन्ही बाजूंना सुटे ठेवा, ‘आठ’ झालं. आणि उजवा फाटा डाव्याच्या डोक्यावरून पुढे सुरू केलात तर ‘आत शिरणे’. तीन अक्षरं, त्याच दोन रेघा, तोच क्रम. फरक फक्त कोण कुठे टेकतो एवढाच. इथे घाईत लिहिलेला माणूस ‘आत शिरतो’.

‘मोठा’: एक आडवी आणि तिच्या वरून निघणारा माणूस. आडवी, डावा फाटा, उजवा फाटा. हात पसरलेला माणूस आहे तो.

‘झाड’: आडवी, मधून उभी, मग दोघींच्या छेदापासून डावा आणि उजवा फाटा. चार रेघा. हे अक्षर वीसदा काढा, कारण ते शेकडो अक्षरांत पुन्हा भेटणार आहे. झाडाच्या बुंध्यावर पायाशी एक छोटी आडवी मारा, ‘मूळ’ होतं. आणि शेंड्याकडे दुसरी आडवी घातली तर? ती खालच्या आडवीपेक्षा छोटी असेल तर ‘अजून नाही’, मोठी असेल तर ‘टोक’ किंवा ‘शेवट’. दोन्ही अक्षरांत रेघा पाच, क्रम तोच: दोन आडव्या, उभी, दोन फाटे. लांबीचा फरक म्हणजे सजावट नव्हे. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीने ‘दिन’चा ‘दीन’ होतो, तसाच हा मामला आहे.

आता चौकोन, आणि इथे जरा थांबू.

‘तोंड’ हे अक्षर नुसता चौकोन आहे. माझं पहिलं वर्षभर मी तो एका झटक्यात, पेन्सिल न उचलता गोल फिरवून काढत होते. दिसायला ठीक, पण मोजायला चूक. तोंडाला तीन रेघा आहेत. पहिली डावीकडची उभी. दुसरी वरची आडवी, तीच उजव्या कोपऱ्यात मोडून खाली येते, ही एक रेघ. तिसरी खालची आडवी, जी चौकोन बंद करते. कोपरा मोडताना क्षणभर थांबा, दाबा आणि मग खाली या. देवनागरीत आपला हात गोलाईत फिरायला शिकलेला असतो, प, व, ब, ठ सगळीकडे गाठी आणि वळसे. चिनी खाइ वळणात वर्तुळ नाही, फक्त कोपरे. म्हणून आपला कोपरा सुरुवातीला मऊ येतो. तो मुद्दाम टोकदार करा.

‘सूर्य’: उभी, मोड, आत एक आडवी, खालची आडवी. चार. ‘शेत’: उभी, मोड, आत आडवी, मग आत उभी, शेवटी खालची आडवी. पाच. म्हणजे नियम असा की आधी बाहेरचं, मग आतलं, आणि दार सगळ्यांत शेवटी बंद. चिनी मुलांना तो असाच शिकवतात: सगळे घरात आल्याशिवाय दार लावायचं नाही. ‘देश’ या आठ रेघांच्या अक्षरात तर हे अगदी डोळ्यांसमोर घडतं. आधी मोठ्या चौकोनाची उभी आणि मोड, मग आत हिरव्या जेड रत्नाच्या पाच रेघा, म्हणजे दोन आडव्या, उभी, खालची आडवी आणि कोपऱ्यातला ठिपका, आणि मग शेवटची आडवी.

‘मध्य’ लिहिताना आडवा चपटा चौकोन पूर्ण बंद करून मग त्याच्या मधून उभी आरपार नेतात. आरपार जाणारी उभी शेवटी. मध्य आणि देश ही दोन अक्षरं शेजारी लिहिलीत की चोंगक्वो, म्हणजे चीन, हे नाव तुम्ही लिहिलं.

‘लहान’मध्ये मात्र उलट. मधली उभी आकडा घेऊन आधी, मग डावीकडे छोटा डावा फाटा, मग उजवीकडे ठिपका. ‘पाणी’ही तसंच. मधली उभी आकड्यासह, मग डावीकडे छोटी आडवी जी तिथेच मोडून डावा फाटा होते, ही एक रेघ, मग उजवीकडे छोटा डावा फाटा आणि त्याला टेकून उजवा फाटा. चार रेघा. मधला कणा दोन्ही बाजूंच्या रेघांना आधार देत असेल तर तो आधी. ‘मध्य’मध्ये कणा शेवटी आणि ‘पाणी’मध्ये आधी का, असं मला नेहमी विचारतात. मध्यमधली उभी दुसऱ्याच्या अंगातून आरपार जाते, पाण्यातल्या उभीला फक्त दोन बाजू आहेत. एवढं लक्षात ठेवलं तर पुरतं.

आणखी दोन सवयी सांगते. ‘हे’, ‘जवळ’, ‘रस्ता ओलांडणे’ अशा अक्षरांत डावीकडे आणि खाली एक होडीसारखा भाग असतो, तो ‘चालण्या’चा घटक. त्याच्या तीन रेघा, ठिपका, वळणावळणाचा मोड आणि खाली लांब पसरलेला उजवा फाटा. तो दिसतो डावीकडे, पण लिहायचा सगळ्यांत शेवटी. आधी होडीतला प्रवासी, मग होडी. दुसरी सवय ठिपक्याची. अक्षराच्या डोक्यावर मधोमध किंवा डावीकडे ठिपका असेल तर तो आधी (‘सहा’, ‘दार’). वर उजवीकडे असेल तर शेवटी (‘पुस्तक’, ‘कुत्रा’).

नियम संपले? नाही, अपवाद आहेतच. ‘आग’ लिहिताना दोन बाजूंच्या छोट्या रेघा आधी आणि मधला माणूस नंतर. ‘नऊ’मध्ये डावा फाटा आधी, तर ‘सुरी’मध्ये मोड आधी आणि डावा फाटा नंतर, दोन्ही अक्षरं जवळजवळ जुळी असून. असे अपवाद वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. तीसेक झाले की नवे सापडणं विरळ होतं.

आता हे सगळं एका अक्षरात वापरू. ‘मी’, सात रेघा. वर डावीकडे एक छोटा, जवळजवळ आडवा असा डावा फाटा. खाली लांब आडवी, घराच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. डाव्या बाजूला तिला छेदणारी उभी, पायाशी आकडा. त्या उभीला छेदणारी उचल, खालून वर. मग मधल्या जागेच्या जरा उजवीकडून निघालेली लांब तिरकी रेघ, लांब आडवीला छेदत खाली उजवीकडे जाते आणि शेवटी वरच्या दिशेने आकडा मारते. या रेघेला कणखरपणा हवा, ती वाकलेल्या काठीसारखी ताणलेली दिसली पाहिजे. मग तिला छेदणारा छोटा डावा फाटा. आणि वर उजवीकडे ठिपका, शेवटी. पहिले दहा ‘मी’ वाकडे येतील. येऊ द्या. तिरकी रेघ आखूड पडली तर अक्षर कोसळल्यासारखं दिसतं, तिथे आधी लक्ष द्या.

घरात बसवणं

देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं. आपण लिहिताना डोळा वरच्या रेषेवर ठेवतो आणि खाली कुठवर गेलं याची फारशी फिकीर करत नाही. चिनी अक्षर कशालाच लटकत नाही आणि कशावर उभंही नसतं, ते घराच्या मध्यावर तोललेलं असतं. मराठी हाताची सगळ्यांत जुनी सवय इथे आड येते. नव्या विद्यार्थ्यांच्या वहीत अक्षरं घराच्या छताला चिकटलेली दिसतात. उपाय सोपा आहे. घराच्या चारही बाजूंना थोडी कोरी जागा सोडा आणि मधल्या अधिकच्या खुणेवर नजर ठेवा. दहाची आडवी त्या खुणेच्या किंचित वर, उभी बरोबर खुणेवर.

एका रेघेचं ‘एक’ असो की वीस रेघांचं अक्षर असो, घर तेवढंच. पूर्णविरामालाही स्वतंत्र घर, त्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात छोटं वर्तुळ. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत.

अक्षर दोन भागांचं असलं की डावा भाग अंग चोरून उभा राहतो. आपण बसमध्ये सरकून जागा देतो तसा. ‘झाड’ डावीकडे आलं की त्याचा उजवा फाटा पसरत नाही, तो ठिपका होतो. ‘माती’ डावीकडे आली की तिची खालची आडवी उचल होते, तिरकी वर जाते. ‘स्त्री’ डावीकडे आली की तिची आडवी शेजाऱ्याच्या घरात घुसत नाही. दोन झाडं शेजारी लिहिली की ‘वन’ होतं, आणि त्यात डावं झाड आखडलेलं, उजवं मोकळं. हे वन पाचदा लिहा. अक्षरातला शेजारधर्म त्यातून जितका कळतो तितका कुठल्याही नियमातून कळत नाही.

कोणत्या देशाचा क्रम?

एकच अक्षर चीन, तैवान आणि जपानमध्ये वेगळ्या क्रमाने शिकवलं जाऊ शकतं. ‘राजा’ म्हणजे तीन आडव्या आणि मधून उभी. चीनमध्ये दोन आडव्या, मग उभी, मग खालची आडवी. जपानमध्ये पहिल्या आडवीनंतर लगेच उभी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची 1996 सालची स्वतःची क्रम-पुस्तिका आहे, आणि चीनमध्ये 2013 च्या अधिकृत यादीतल्या 8105 अक्षरांसाठी रेघांचा ठरवून दिलेला क्रम 2021 च्या मार्चपासून लागू आहे. सल्ला एवढाच की एक देश निवडा आणि पहिली दोन वर्षं तिथेच राहा. दोन संकेतस्थळांवर दोन क्रम दिसले तर आधी बघा की कोण कुठल्या देशाचा क्रम सांगतंय.

या 8105 च्या आकड्याने दबून जाऊ नका. त्यातली नेहमीची म्हणून वेगळी काढलेली अक्षरं 3500 आहेत. आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी चीनने 2021 साली जी पातळ्यांची चौकट आणली, तिच्यात हाताने लिहिता यावीत अशी प्राथमिक टप्प्यावरची अक्षरं फक्त 300 आहेत, तिन्ही टप्पे मिळून 1200. वाचायची अक्षरं याहून खूप जास्त. म्हणजे वाचता येईल ते सगळं हाताने लिहिता आलंच पाहिजे असं तिथल्या तज्ज्ञांनीही धरलेलं नाही. चिनी लोकांतही पेन हाती घेतल्यावर अक्षर न आठवणं इतकं सर्रास झालंय की त्याला चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे: पेन उचललं, अक्षर विसरलं. फोनवर टंकून टंकून हे झालं, असं तेच म्हणतात.

रोजचा सराव

वीस मिनिटं पुरतात, पण रोज. आठवड्यातून एकदा दोन तास बसून उपयोग होत नाही.

दिवसाला चार किंवा पाच नवी अक्षरं, जास्त नाही. प्रत्येकासाठी आधी क्रम बघा. रेघा एकेक करून हलत दाखवणारे शब्दकोश मोबाईलवर आहेत, ते उत्तम. मग पेन्सिल बाजूला ठेवून हवेत बोटाने लिहा, रेघांची नावं मोठ्याने म्हणत: हंग, षू, फिए, ना. मग तीनदा गिरवा. चिनी मुलं लाल छापील अक्षरांवर काळ्याने गिरवतात, आपण पाटीवर बाईंनी काढलेल्या अक्षरावरून पेन्सिल फिरवायचो तसंच. पूर्वी या लाल गिरवण्यांत सोप्या रेघांची अक्षरं जोडून केलेला एक जुना पाठ असे, ‘षांग ता रन’पासून सुरू होणारा. षांग म्हणजे वर, ता म्हणजे मोठा, रन म्हणजे माणूस. यातली दोन तुम्ही आत्ताच लिहिलीत.

गिरवून झालं की नमुना झाका आणि आठवून लिहा. ही पायरी लोक टाळतात, कारण इथे चुका दिसतात. पण शिकणं घडतं ते इथेच. बघून पन्नास वेळा लिहिण्यापेक्षा झाकून पाच वेळा लिहिणं मी कधीही पसंत करेन. चुकलं तर पूर्ण अक्षर खोडा, एखादी रेघ दुरुस्त करू नका. हाताने चुकीची चाल शिकली तर ती मोडायला दुप्पट वेळ लागतो. जुन्या अक्षरांची उजळणी दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने.

आठवड्यातून एकदा मोबाईल उभा करून स्वतःच्या हाताचं चित्रण करा. कागदावरचं अक्षर बरोबर दिसतं आणि क्रम चुकलेला असतो, हे फक्त असंच कळतं. शिकवणारं कोणी असेल तर त्यांना वही नंतर दाखवा, आधी लिहिताना शेजारी बसायला सांगा.

फोनची आणखी एक गंमत वापरा. चिनी कळफलकात रेघांनी लिहायची सोय असते, त्यात फक्त पाच कळा: आडवी, उभी, डावा फाटा, ठिपका, मोड. उजवा फाटा ठिपक्यात, उचल आडवीत आणि आकड्याची उभी उभीतच धरतात. तुम्ही क्रमाने कळा दाबत गेलात तर अक्षर समोर येतं, क्रम चुकला तर येत नाही. क्रमाची चाचणी घ्यायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. याउलट बोटाने काचेवर अक्षर काढायची सोय फार उदार असते, ती चुकीचा क्रमही समजून घेते. तिच्यावर विसंबू नका.

डावखुऱ्यांनी क्रम आणि दिशा बदलू नये. वही उजवीकडे थोडी तिरपी करा, मनगट ओळीच्या खाली ठेवा. आडवी रेघ ओढण्याऐवजी ढकलावी लागते म्हणून ती सुरुवातीला कापरी येते. महिनाभरात स्थिरावते.

एक नाव

आता वहीत तीन मोठी घरं आखा.

सोलापुरात 1910 साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथेच राहिले, चिनी शिकले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले. पथकातल्या पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावाच्या शेवटी ‘ह्वा’ हे अक्षर घेतलं होतं. ह्वा म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव आपण रोमनवरून ‘के दिहुआ’ वाचतो, चिनी उच्चार खऽ तीह्वा याच्या जवळचा.

पहिलं घर, खऽ. नऊ रेघा. डावीकडे झाड, पण अंग चोरून: आडवी, उभी, डावा फाटा, आणि उजव्या फाट्याच्या जागी ठिपका. उजवीकडे वर लांब आडवी. तिच्या खाली छोटं तोंड: उभी, मोड, आडवी. आणि शेवटी उजव्या बाजूने वरच्या आडवीपासून थेट खाली येणारी उभी, पायाशी डावीकडे आकडा.

दुसरं घर, ती. बारा रेघा. डावीकडे पुन्हा तेच झाड, चार रेघांचं. उजवीकडे आधी वरचा भाग: मोड, मग मधून लांब, उजवीकडे बाहेर निघणारी आडवी, मग तिच्या खाली छोटी आडवी. मग या सगळ्यांतून वरपासून खालपर्यंत उभी, आकड्यासह. आता तिच्या डावीकडे ठिपका आणि त्याखाली उचल. उजवीकडे छोटा डावा फाटा आणि शेवटी उजवा फाटा. पाण्यासारखा दिसतो ना खालचा भाग? मात्र डावीकडे नीट बघा, तिथे पाण्यातला मोड नाही.

तिसरं घर, ह्वा. कोटणीसांच्या काळी हे अक्षर पुष्कळ रेघांचं होतं. चीनमध्ये आज लिहितात त्या रूपात सहा. वरच्या अर्ध्यात डावीकडे उभा माणूस: डावा फाटा आणि त्याखाली उभी. त्याच्या उजवीकडे छोटा डावा फाटा, मग उभी जी खाली उजवीकडे वळते आणि वरच्या दिशेने आकडा घेते. आता खालच्या अर्ध्यात दहा. लांब आडवी, घराच्या दोन्ही बाजूंपर्यंत, वरच्या सगळ्यांना तोलून धरणारी. आणि सत्ताविसावी रेघ, बरोबर मधोमध, वरून खाली. ती ओढताना श्वास धरा, शेवटाकडे हात हळूहळू हलका करत न्या आणि टोक सुईसारखं बारीक झालं की पेन्सिल उचला.